वळणावरचें उंच पीक आणि मोटारीचा वेग

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचें एक तरी शेत रस्त्याला लागून असतें. असें शेत भाग्याचें समजलें जातें, आणि तें योग्यच आहे. माल बांधावरूनच गाडींत भरतां येतो, खत थेट शेतांत येऊन पडतें, आणि जमिनीला भावहि चार पैसे अधिक येतो. परंतु रस्त्याकडेच्या जमिनीबरोबर एक जबाबदारीहि येते, आणि तिचा विचार आपल्यांत फारसा होत नाहीं. ती जबाबदारी म्हणजे रस्त्यानें जाणाऱ्याच्या नजरेला वाट मोकळी ठेवण्याची. वाहनाचीं चाकें रस्त्यावरून चालतात हें खरें. पण तें चालविणाऱ्याची नजर रस्त्याबाहेरच्या जमिनीवरूनहि जात असते. वळणाच्या आंतल्या अंगास, आणि दोन रस्ते मिळतात त्या कोंपऱ्यावर, ती नजर आपल्या शेतांतून जाते.

तेथें नऊ-दहा फूट उंच ऊंस दाट उभा असेल, तर पुढें काय आहे हें त्यास दिसत नाहीं. वैशाखांत जें वळण आरपार दिसत होतें तेंच भाद्रपदांत आंधळें होतें. रस्ता तोच, मोटार तीच, चालविणाराहि तोच. बदलली ती केवळ आपल्या पिकाची उंची. म्हणून रस्त्यावरील दृष्टि व वाहनाचा वेग यांचा परस्परसंबंध काय, तो हिशेबानें कसा मांडतात, आणि रस्त्याकडेच्या शेतकऱ्यानें त्याप्रमाणें काय करावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. आंकडे थोडे येतील. पण गुंठ्यांचा आणि क्विंटलांचा हिशेब रोज करणाऱ्यास ते जड जाणार नाहींत.

गाडीवाट व डांबरी सडक

जोंवर रस्त्यावर बैलगाडीच चालत होती, तोंवर हा प्रश्न उद्भवला नव्हता. बैलगाडी ताशीं तीन-चार किलोमीटर चालते. समोर कांहीं आडवें आलें तर ती दोन पावलांत उभी राहते. किंबहुना गाडीवानास डुलकी लागली तरी बैलांचे डोळे उघडे असतात. त्यामुळें जुन्या गाडीवाटा पडल्या तेव्हां कोणीं नजरेचा विचार केला नाहीं. वाट बांधाबांधानें गेली, विहिरीला वळसा घालून गेली, चिंचेचें झाड टाळून गेली. आणि तें त्या काळीं शहाणपणाचेंच होतें.

मोटारींची संख्या वाढूं लागली, तेव्हां हिंदुस्थान सरकारनें १९२७ सालीं मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्त्यांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली. तिचा अहवाल १९२८ सालीं आला. पुढें १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांची संस्था स्थापन झाली, आणि आपल्या देशांतील रस्त्यांचीं प्रमाणें आजहि तीच प्रसिद्ध करते. १९४३ सालीं नागपुरास प्रांतोप्रांतींच्या मुख्य इंजिनिअरांची परिषद भरली. तींत रस्त्यांची वीस वर्षांची योजना आंखली गेली, आणि शेतीनें समृद्ध अशा मुलखांत कोणतेंहि खेडें मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांहून दूर असूं नये असें ध्येय ठरलें. डिसेंबर २००० मध्यें प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, व लहान गांवांपर्यंतहि पक्की सडक पोहोंचूं लागली.

या सर्वांपासून शेतकऱ्यास झालेला लाभ मोठा आहे. तो सांगावयास नको. परंतु पुष्कळ ठिकाणीं नवी सडक जुन्या गाडीवाटेच्याच आंखणीवर झाली. खडीच्या रस्त्यावर खड्डेच वेगाला आवर घालीत होते. ताशीं ३० किलोमीटरांहून अधिक वेगानें जाण्याची सोयच नव्हती. डांबर पडतांच त्याच वाटेवर ६० चा वेग सहज आला. रस्त्याचा पृष्ठभाग सुधारला. पण वळण जसेंच्या तसें राहिलें, आणि वळणाच्या आंतल्या अंगाचें पीकहि तसेंच राहिलें. खरा धोका येथें आहे.

थांबण्यास किती अंतर लागतें

चालविणाऱ्यास पुढें अडथळा दिसला म्हणजे मोटार त्याच क्षणीं थांबत नाहीं. डोळ्यानें पाहावें, मनानें तें काय आहे हें ओळखावें, आणि मग पायानें ब्रेक दाबावा, यांत वेळ जातो. आपल्याकडील प्रमाणांत हा वेळ अडीच सेकंद धरला आहे. चपळ मनुष्यास तो कमी लागेल. पण रस्ता थकलेल्या, वयस्क व अनभ्यस्त मनुष्यासाठींहि असतो, म्हणून तो सढळ धरलेला आहे. या अडीच सेकंदांत मोटार पूर्ण वेगानें पुढें जातच असते. ताशीं ६० किलोमीटर वेग असेल तर ती ४२ मीटर जाते. मग ब्रेक लागतात, आणि टायर रस्त्याला धरून घासत मोटार उभी राहीपर्यंत आणखी सुमारें ३९ मीटर जातात. दोन्ही मिळून ८० मीटरांच्या आसपास होतात. म्हणजे ६० च्या वेगानें जाणाऱ्यास निदान ८० मीटर पुढचा रस्ता सतत दिसत असला पाहिजे. यासच इंजिनिअर लोक थांबण्याचें दृष्टि-अंतर म्हणतात. निरनिराळ्या वेगांस तें येणेंप्रमाणें धरतात :

ताशीं ३० किलोमीटर वेगास — ३० मीटर
ताशीं ४० किलोमीटर वेगास — ४५ मीटर
ताशीं ५० किलोमीटर वेगास — ६० मीटर
ताशीं ६० किलोमीटर वेगास — ८० मीटर
ताशीं १०० किलोमीटर वेगास — १८० मीटर

या आंकड्यांतील मर्म वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. वेग ३० चा ६० झाला, म्हणजे दुप्पट झाला; पण लागणारें अंतर ३० चें ८० झालें, म्हणजे दुपटीहून बरेंच अधिक वाढलें. याचें कारण असें कीं, विचारांत जाणारें अंतर वेगाच्या प्रमाणांत वाढतें, परंतु ब्रेकांत जाणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. वेग दुप्पट झाला कीं तें जवळजवळ चौपट होतें. म्हणून खडीच्या रस्त्यावर जी दृष्टि पुरेशी होती ती डांबरी सडकेवर निम्मीहि पुरत नाहीं.

शिवाय हे आंकडे स्वच्छ रस्त्याचे आहेत. पावसाळ्यांत ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतांतील चिखल सडकेवर येतो; गळिताच्या हंगामांत उंसाचा पाला पसरतो. त्यामुळें टायरची पकड निम्मी झाली असें धरलें, तर ६० च्या वेगास ब्रेकांत जाणारे ३९ मीटर ७८ होतात, आणि एकूण अंतर १२० मीटरांवर जातें. सडकेवर पडलेला चिखल त्याच दिवशीं खरडून टाकणें हें यासाठींच अगत्याचें आहे.

डोळ्याची उंची

दृष्टि मोजावयाची ती कोणत्या उंचीवरून, हाहि प्रश्न आहे. आपल्या प्रमाणांत चालविणाऱ्याचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर, म्हणजे सुमारें चार फूट उंचीवर धरतात, आणि पुढील अडथळा १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा फूट उंचीचा धरतात. रस्त्यावर पडलेला दगड किंवा ट्रॉलींतून निसटलेला लाकडाचा ओंडका दिसावा असा त्यांतील हेतु आहे.

अमेरिकेंत या हिशेबाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. रस्ता कोणत्या वेगासाठीं बांधावयाचा तें आधीं ठरवावें व वळण, चढ आणि दृष्टि हीं तिन्ही त्या एका वेगाशीं जुळवावीं, हा विचार तेथील सरकारी खात्यांतील इंजिनिअर जोसेफ बार्नेट यांनीं १९३६ सालीं मांडला. १९४० सालच्या तेथील प्रमाणांत डोळ्याची उंची साडेचार फूट होती. पुढें मोटारी बसक्या होत गेल्या. १९६५ सालीं ती पावणेचार फूट करावी लागली, आणि १९८४ सालीं साडेतीन फूट. मोटार जसजशी खालीं बसली, तसतसें तेंच कुंपण आणि तोच चढाचा माथा चालविणाऱ्यास अधिक अडवूं लागला. आपल्याकडेहि पूर्वी उंच ट्रकवाल्यास जें पीक आडवें येत नव्हतें, तें आज बसक्या मोटारींतील मनुष्यास भिंतीसारखें आडवें येतें.

एकपदरी रस्त्याचें दुप्पट अंतर

आतांपर्यंत जें सांगितलें तें रस्त्यावर स्थिर पडलेल्या अडथळ्याविषयीं झालें. पण गांवचा रस्ता बहुधा एकपदरी असतो. त्यावर समोरून दुसरें वाहन आलें, तर दोघांनाहि थांबावें लागतें. एकास ८० मीटर लागतात, दुसऱ्यासहि ८० मीटर लागतात. म्हणून दोघे एकमेकांस १६० मीटरांवरून दिसले पाहिजेत. लहान रस्ता म्हणून कमी दृष्टि पुरेल असें वाटणें साहजिक आहे. पण प्रत्यक्षांत रस्ता जितका अरुंद तितकी तेथें दृष्टि अधिक हवी.

वळणाचा हिशेब

आतां वळणाच्या आंतल्या अंगास किती जागा मोकळी हवी, तें काढण्याची रीति सांगतों. दृष्टि-अंतराचा वर्ग करावा, आणि त्यास वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीनें भागावें. येणारा आंकडा म्हणजे रस्त्याच्या मध्यरेषेपासून आंत, वळणाच्या मधोमध, जितके मीटर मोकळे हवेत तितके.

एक उदाहरण घेऊं. वळणाची त्रिज्या १६० मीटर आहे. तिची आठपट १,२८० होते. एकट्या वाहनास थांबण्यापुरते ८० मीटर हवे असतील, तर ८० चा वर्ग ६,४००. त्यास १,२८० नीं भागल्यास ५ मीटर येतात. गांवरस्त्याची सरकारी जागा सपाट मुलखांत साधारणतः १२ मीटर रुंद धरतात, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूस ६ मीटर. तेव्हां हे ५ मीटर रस्त्याच्याच जागेंत मिळतात. तेथें बाभळी व घायपात माजूं दिली नाहीं म्हणजे झालें.

पण समोरासमोर येणाऱ्या दोन वाहनांचा हिशेब करा. १६० चा वर्ग २५,६००, भागिले १,२८०, उत्तर २० मीटर. अंतर दुप्पट झालें, पण लागणारी मोकळी जागा चौपट झाली. यांतील ६ मीटर रस्त्याचे. उरलेले १४ मीटर शेतांतले. वळणाच्या मधोमध १४ मीटर व दोन्ही टोंकांस निमुळती होत जाणारी अशी ही पट्टी भरते सुमारें १२ गुंठे. येथें आपला व रस्त्याचा खरा संबंध येतो.

आतां तोच हिशेब कमी वेगाचा करून पाहा. त्याच वळणावर वाहनें ४० नें जात असतील, तर दोघांचें मिळून अंतर ९० मीटर होतें. ९० चा वर्ग ८,१००; भागिले १,२८०; उत्तर ६.३ मीटर. म्हणजे रस्त्याच्या जागेबाहेर जेमतेम एक फूट. वेग ३० असेल तर २.८ मीटर पुरतात. तात्पर्य असें कीं, एकाच वळणावर ६० च्या वेगाला शेतांतील बारा गुंठे मोकळे लागतात, आणि ४० च्या वेगाला जवळजवळ कांहींच लागत नाहींत. आम्हांस या लेखांत जें मुख्यतः सांगावयाचें आहे तें हेंच : वळणास एक तर दृष्टि दिली पाहिजे, नाहीं तर तेथला वेग काढून घेतला पाहिजे. दोहोंपैकीं एकहि न करणें म्हणजे दैवावर हवाला ठेवणें होय.

आपल्या वळणाची त्रिज्या किती हें कोणासहि काढतां येईल. ४० मीटर लांबीची दोरी वळणाच्या आंतल्या कडेवर दोन्ही टोंकें टेकवून ताणावी. दोरीच्या मध्यापासून रस्त्याच्या कडेपर्यंतचें अंतर मोजावें, आणि त्यानें २०० ला भागावें. अंतर सव्वा मीटर भरलें तर त्रिज्या १६० मीटर. दोन मीटर भरलें तर १०० मीटर.

शेतवाट सडकेस मिळते तो कोंपरा

वळणाहूनहि अधिक दक्षता घ्यावयाची ती शेतवाट किंवा गांवरस्ता मोठ्या सडकेस मिळतो त्या ठिकाणीं. तेथें येणारा बहुधा आपल्याच घरचा असतो. ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या पुढें सहा-सात फूट यंत्र असतें. कोंपऱ्यावर पीक उंच असेल, तर त्याच्या डोळ्यांना सडक दिसण्यापूर्वींच यंत्राचें तोंड सडकेवर गेलेलें असतें.

या जागेचा नियम सोपा आहे. शेतवाटेवर सडकेपासून १५ मीटर मागें असतांनाच चालविणाऱ्यास सडकेवरील दोन्ही बाजूंचें वाहन दिसलें पाहिजे, आणि तें आठ सेकंदांच्या अंतरावरून दिसलें पाहिजे. सडकेवर वेग ५० असेल तर आठ सेकंदांत वाहन ११० मीटर येतें; ८० असेल तर १८० मीटर; १०० असेल तर २२० मीटर. शेतवाटेवरचे १५ मीटर व सडकेवरचे ११० मीटर घेऊन जो त्रिकोण होतो, तो सुमारें आठ गुंठ्यांचा भरतो. त्यांतील बराच भाग पुष्कळदां सडकेच्याच जागेंत असतो. हा त्रिकोण दोन्ही हातांस मोकळा ठेवावा. त्यांत कडब्याची गंजी रचूं नये, उकिरडा करूं नये, कापलेल्या काटक्यांचे ढीग टाकूं नयेत, आणि गांवांत जत्रा असो कीं निवडणूक असो, तेथें कापडी फलक बांधूं देऊं नयेत.

आणखी दोन गोष्टी. शेतवाट सडकेला तिरपी मिळवूं नये, काटकोनांत मिळवावी. तिरप्या वाटेवर एका बाजूस मान पूर्ण मागें वळवावी लागते, आणि भरलेली ट्रॉली मागें असतां तेवढें करूनहि कांहीं दिसत नाहीं. तसेंच वाटेचा शेवटचा तुकडा सडकेच्या पातळीस आणून सपाट करावा. चढावर ट्रॅक्टर थांबला म्हणजे चालविणारा तो मागें घरंगळेल या भीतीनें न थांबतांच सडकेवर चढतो. चार ट्रॉल्या मुरूम टाकल्यानें हा दोष जातो.

कोणतें पीक कोठें घ्यावें

वळणाच्या आंतली पट्टी मोकळी ठेवावी म्हणजे पडीक टाकावी असा याचा अर्थ नव्हे. नजर आडवी येणार नाहीं असें ठेंगणें पीक तेथें घ्यावें, इतकाच अर्थ आहे. चालविणाऱ्याचा डोळा १२० सेंटिमीटरांवर आणि अडथळा १५ सेंटिमीटरांवर धरला, तर दोहोंच्या मध्यावर नजरेची रेषा जमिनीपासून सुमारें ६७ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा दोन फूट उंचीवरून जाते. तेव्हां दोन फुटांहून उंच न वाढणारें पीक असावें, असा ठोकताळा धरण्यास हरकत नाहीं. शेत सडकेपेक्षां खोल असेल तर तितकी सवलत मिळते. उंच असेल तर तितकी कमी होते. बांधाची उंचीहि त्यांतच धरावी.

या दृष्टीनें भुईमूग, हरभरा, मूग, कांदा, लसूण व ठेंगणा भाजीपाला हीं पिकें वळणावर निर्धोक होत. सोयाबीन ठेंगण्या वाणाचें असल्यास चालतें. गहूं तीन फुटांपर्यंत जातो. कोंपऱ्यावरील त्रिकोणांत तो चालेल, कारण तेथें वाहन दिसलें म्हणजे पुरे. वळणावर मात्र तो थोडा अधिक होतो. ऊंस, मका, ज्वारी, बाजरी, तूर, हत्तीगवत, केळी आणि द्राक्षांचा मांडव हीं सर्व त्या पट्टींतून वगळावीं. जनावरांसाठीं घांस करावयाचा असेल तर लसूणघांस उत्तम. तो वारंवार कापला जात असल्यानें कधींच उंच होत नाहीं. कुंपण हवेंच असेल तर तारेचें करावें, शेराचें किंवा निवडुंगाचें करूं नये.

यांत नुकसान नाहींच असें आम्ही म्हणत नाहीं. उंसाचें उत्पन्न एकरीं ३५ टन धरलें तर बारा गुंठ्यांत साडेदहा टन होतो. त्या जागीं भुईमूग किंवा कांदा घेतल्यास त्याचें उत्पन्न येईल. पण तें उंसाइतकें येईलच असें नाहीं, पाण्याची पाळीहि निराळी ठेवावी लागेल, आणि दोन पिकांची मेहनत एकाच शेतांत करणें त्रासाचें होईल. हा तोटा खरा आहे, आणि जो शेतकरी तो सोसतो तो गांवासाठीं कांहीं देत आहे हें गांवानें मान्य केलें पाहिजे. ज्याचें शेत नेमकें वळणाच्या आंत पडलें त्यानेंच सर्व भार उचलावा, हें न्यायाचें नाहीं. म्हणूनच वेग कमी करण्याचा दुसरा मार्गहि गांवानें तितक्याच गंभीरपणें विचारांत घ्यावा.

वेगास आवर

जेथें पीक बदलणें शक्य नाहीं, किंवा जेथें आड येणारी वस्तु पीक नसून घर, विहीर वा टेकाड आहे, तेथें वेगच कमी केला पाहिजे. त्यासाठीं ग्रामपंचायतीनें ठराव करून, रस्ता ज्या खात्याकडे असेल त्याजकडे वळणाच्या पाट्या, वेगमर्यादेच्या पाट्या, बाणांचे फलक व जरूर तेथें गतिरोधक यांची लेखी मागणी करावी. मागणीसोबत वळणाची त्रिज्या, दिसणारें अंतर व रस्त्याची रुंदी लिहून द्यावी. नुसत्या तक्रारीपेक्षां मोजमापाच्या अर्जास उत्तर देणें अधिकाऱ्यासहि सोपें जातें.

गतिरोधक मात्र गांवानें आपल्या हातानें करूं नये. रात्रीं दगडमातीचा आडवा बांध घालून मोकळें होण्याची चाल ठिकठिकाणीं आढळते. असा अरुंद व टोंकदार उंचवटा दुचाकीवाल्यास उडवून देतो, आणि त्यावर रंगाचे पट्टे नसल्यानें अंधारांत तोच अपघाताचें कारण होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणें गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यें केवळ १० सेंटिमीटर उंच, आणि गोलसर उतरता असतो. तो ताशीं २५ किलोमीटर वेगानें सुखरूप ओलांडतां येतो. त्याच्या आधीं सूचनेची पाटी व वर रंगाचे पट्टे असलेच पाहिजेत.

रात्रीची गोष्ट

दिवसा वळण व पीक दृष्टीची मर्यादा ठरवितात. रात्रीं ती मर्यादा मोटारीचा दिवाच ठरवितो. दिव्याचा झोत खालीं असतां पन्नास-साठ मीटरांपलीकडचें काळें, न चकाकणारें पदार्थ दिसणें कठीण असतें. ६० नें जाणाऱ्यास थांबण्यास ८० मीटर लागतात हें वर आलेंच आहे. म्हणजे असा मनुष्य आपल्या दिव्याच्या उजेडापुढें धांवत असतो; अडथळा दिसेपर्यंत थांबण्याची जागा संपलेली असते.

तेव्हां उंसाची गाडी, मोळ्यांनीं भरलेली ट्रॉली, किंवा चाक मोडून सडकेवर उभें राहिलेलें वाहन यांच्या मागच्या बाजूस तांबडी चकाकणारी पट्टी असणें ही कृपा नव्हे, गरज आहे. तिला खर्च थोडा. पण दिव्याचा प्रकाश परत पाठवीत असल्यामुळें ती साध्या वस्तूपेक्षां कितीतरी दुरून दिसते. पाचट लोंबून पट्टी झांकली जाते, चिखलानें मळते. म्हणून गाडी भरल्यावर ती पुसून व पाहून मगच निघावें. रात्रीं नादुरुस्त ट्रॉली सडकेवर सोडून घरीं निघून जाणें हें तर कोणत्याहि कारणानें क्षम्य ठरणार नाहीं.

स्वतः मोजून पाहावें

आपल्या वळणावर दृष्टि किती आहे हें दोघांना अर्ध्या तासांत मोजतां येतें. सकाळीं रहदारी कमी असतां जावें, व दोघांनींहि सडकेच्या कडेनेंच राहावें. एकानें वळणाच्या एका बाजूस कडेवर चार फुटांची काठी उभी करून, वांकून, तिच्या टोंकाच्या उंचीवर डोळा ठेवावा. दुसऱ्यानें अर्ध्या फुटावर चुन्याची खूण केलेली दुसरी काठी घेऊन वळणाकडे चालत जावें. खूण दिसेनाशी होतांच पहिल्यानें हांक मारावी, आणि मधलें अंतर रस्त्याच्या कडेकडेनें पावलांनीं मोजावें. अडीच फुटांचें पाऊल धरलें तर चार पावलांचे तीन मीटर होतात. जें अंतर येईल तें वरील कोष्टकाशीं ताडून पाहावें. ४५ मीटर दिसत असतील तर त्या वळणाचा वेग ४० च्या वर नाहीं. रस्ता एकपदरी असल्यास दोन्ही काठ्यांची खूण चार फुटांवरच धरून पुन्हां मोजावें, आणि येणारें अंतर निम्में करून मग कोष्टक पाहावें. हें मोजमाप एकदां पीक लहान असतां व एकदां पीक पूर्ण वाढलें असतां करावें. दोहोंतील फरक पाहिला म्हणजे आमचें म्हणणें निराळें पटवून देण्याची जरूर राहणार नाहीं.

एक आक्षेप

कोणी म्हणतील, मोटार चालविणाऱ्यानें जपून चालवावी. त्याच्या घाईसाठीं आम्हीं आमचें पीक कां बदलावें? आक्षेप अगदींच वावगा नाहीं. जितकें दिसतें तितक्याच वेगानें जाणें हें चालविणाऱ्याचें कर्तव्य आहे, व तें कोणाच्याहि पिकामुळें कमी होत नाहीं. परंतु गुळगुळीत सडक त्यास वेगानें जा म्हणून सांगत असते, आणि वळणापलीकडे शेतवाट आहे हें परगांवच्या मनुष्यास ठाऊक नसतें. तें ठाऊक असतें आपल्याला. शिवाय त्या शेतवाटेनें अचानक बाहेर येणारा परका नसतो. तो कधीं शाळेस निघालेला आपला मुलगा असतो, कधीं डोक्यावर गवताचा भारा घेऊन येणारी घरची बाई असते, कधीं दावें तोडून पळालेलें वासरूं असतें, आणि कधीं ट्रॅक्टरवर आपण स्वतःच असतों. चूक मोटारीची ठरली तरी गेलेला जीव परत येत नाहीं.

सबब, येत्या हंगामाचें पीक ठरवितांना, कोणत्या वावरांत काय पेरावें याचा विचार जसा आपण माती आणि पाणी पाहून करतों, तसा रस्त्याकडेच्या वावरापुरता नजरेचाहि करावा. वळणावर ज्यांचीं ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं एकत्र बसून, दोरी व काठी घेऊन एकदां जागेवर जावें. कोणी किती पट्टी ठेंगण्या पिकाखालीं ठेवावी, आणि कोठें वेगच कमी करून मागावा, हें आपसांत ठरवावें. पेरणीपूर्वीं हें काम एका सकाळींत होतें. ऊंस डोक्यावर गेल्यावर तें होत नाहीं.